चौदावा भाग

नात ईशानी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, कनाटाला, राहायला गेली, त्या उन्हाळ्यात एका शनिवारी मंदाकिनीबाई गाडीतून उतरल्या त्या हातात लाकडी मोगरी घेऊनच. मुलगा जयदीप स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"आई, आज नको. घरी चल."

"आजच," त्या म्हणाल्या. "तुला हवं तर बस इथंच."

परदेशातल्या त्या रिचमंड हिल गावाच्या उत्तरेला मॅन्युएलच्या फार्मवर पोर्तुगीज मंडळी दर उन्हाळ्यात लाकडी रिंगण उभं करत. वळूला मारायचं नाही, अंगावर घेऊन हुलकावणी द्यायची, असा त्यांच्या बेटावरचा खेळ. रिंगणाचे चौदा भाग, चौदा घरांचे. चौदावा मंदाकिनीबाईंच्या नवऱ्याचा, विश्वनाथरावांचा. खेडच्या घाटात बैलगाडे पळवलेल्या या माणसानं एकदा सुटलेला वळू नुसत्या हाकेनं थांबवला होता. तेव्हापासून तो भाग त्यांचा.

नियम एकच. ज्या घरात माणूस गेला, त्या घराचा भाग त्या वर्षी उभा राहायचा नाही. एरवी तिथं दोर बांधून भागवत. यंदा टाउनशिपनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, बजावलं होतं, दोर चालणार नाही. दोन वाजता इन्स्पेक्टर येईल. रिंगण पुरं नसलं तर खेळ कायमचा बंद.

तेरा भाग उभे होते. मध्ये दाराएवढं खिंडार.

"विश्वनाथ कुठाय?" मॅन्युएलनं विचारलं.

"हॉस्पिटलात."

"मग खुंट्या कोण ठोकणार? आमच्यात बायका ठोकत नाहीत."

"तुमच्यात नसतील ठोकत. हा भाग आमचा आहे. गप फळी धर."

मॅन्युएल हसला आणि त्यानं फळी धरली. बाईंनी पहिली खुंटी ठोकली. मग दुसरी. तळहात सोलवटले. चौथ्या खुंटीला जयदीप गाडीतून उतरला आणि फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. अकराच्या अकरा खुंट्या त्यांनीच ठोकल्या.

दोन वाजता इन्स्पेक्टरनं एकेक फळी हलवून पाहिली. चौदाव्या भागाला त्यानं खांदा लावून रेटा दिला. भाग हलला नाही. त्यानं सही केली. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या.

"विश्वनाथला सांग," मॅन्युएल म्हणाला, "रिंगण पुरं झालं."

"सांगते," त्या म्हणाल्या आणि मोगरी पदरानं पुसली.

विश्वनाथराव त्याच दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी वारले होते.