एक शून्य कमी

“पाच हजार दोनशे,” त्र्यंबकराव म्हणाले आणि घाईघाईने चहाचा घोट घेतला.

रजनीताईंनी तव्यावरची पोळी उलटली. “एवढंच? शेजारच्या राजेंद्रच्या साध्या गाडीला मागच्या महिन्यात आठ लागले.”

“जर्मन गाडी आहे ती. एकदा बनवली की बनवली.”

बिल बावन्न हजारांचं होतं. दोन इंजेक्टर गेले होते.

चौदा वर्षांची ती निळी डिझेल गाडी त्यांनी लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याकडून घेतली होती, साध्या नव्या गाडीपेक्षाही कमी किमतीत. गाडी देताना त्या गृहस्थाला इतका आनंद झाला की त्याने वर चिक्कीचा डबाही दिला. एवढा आनंद कशाचा, हे त्र्यंबकरावांना पहिल्या सर्व्हिसिंगला कळलं.

रजनीताईंची अट मात्र गाडी घेतानाच ठरलेली होती. खर्च डोईजड झाला की गाडी विकायची आणि मग तोंड पाडून बसायचं नाही. त्या बोलल्या की करत, हे त्र्यंबकराव संसारात पुरेपूर शिकले होते. म्हणून त्यांनी तोड काढली. घरी आकडा सांगताना शेवटचं शून्य गाळायचं.

यात महिपतीला सामील करून घ्यावं लागलं. कार्ल्याच्या फाट्यावर त्याचं गॅरेज होतं आणि रजनीताई कधीही फोन उचलून त्याला विचारतील याचा नेम नव्हता.

“साहेब, मी शाळेत बाईंच्या हाताखाली शिकलोय,” महिपती कसनुसा होऊन म्हणाला होता. “त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हंजी…”

“खोटं कुठे? फक्त एक शून्य कमी. शून्याला काय किंमत असते?”

“डाव्या बाजूच्या शून्याला नसती, साहेब. बाईंनीच शिकवलंय.”

पण शेवटी त्याने शब्द दिला.

खऱ्या बिलांसाठी त्र्यंबकराव निवृत्तीनंतरही जवळच्याच नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात सल्लागार म्हणून जात. घरी सांगितलं होतं, वेळ जावा म्हणून जातो, मानधन नावापुरतं. मिळेल ते सगळं गाडी गिळत असे. तरी त्यांची तक्रार नव्हती. रविवारी दोघं तळेगावातून निघून तिकोणा पेठेकडे जात. पवनेचं पाणी दिसायला लागलं की रजनीताई चपला काढून सीट मागे टाकत आणि बघता बघता झोपून जात. मग त्र्यंबकराव रेडिओ बंद करून नुसतं इंजिन ऐकत. आपण सुखी आहोत, असं त्यांना त्या वेळी अगदी स्वच्छ वाटे.

यंदा रजनीताईही शाळेतून निवृत्त झाल्या आणि या सुखाला दृष्ट लागली.

“टर्बोला किती लागले होते हो?” एकदा भाजी निवडताना त्यांनी विचारलं.

“नऊ हजार.”

“आणि त्या मागच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्यांना?”

“सात.”

रजनीताईंनी मान डोलावली. उत्तरपत्रिका तपासताना डोलवत तशी.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच बसने कार्ल्याला गेल्या. एकवीरेच्या दर्शनाला, म्हणाल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत ना प्रसाद होता ना नारळ. त्र्यंबकरावांनी गच्चीवर जाऊन महिपतीला फोन लावला.

“बाई आल्या होत्या?”

“व्हय. लय इचारलं. एकेका पार्टाचं. मी तुमचेच आकडे सांगितले. पन साहेब, तुमी बोला बाईंशी. लवकर बोला.”

“काय म्हणाल्या त्या?”

“ते मला सांगता यायचं न्हाई. मी त्यांनाबी शब्द दिलाय.”

त्र्यंबकराव रोज बोलायचं ठरवत आणि रोज काही ना काही निमित्त काढून टाळत.

रविवारी रजनीताई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. “आज तिकोण्याला नको. महिपतीकडे चला.”

कामशेत आलं. त्र्यंबकरावांना राहवेना.

“रजनी, या गाडीच्या खर्चाचं तुला सांगायचं होतं.”

“मला सगळं कळलंय,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “महिपतीने एकेक किंमत सांगितली. आता तिथे गेल्यावरच बोलू.”

दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. समोरून बसगाड्या येत होत्या. त्र्यंबकरावांनी मनाची तयारी केली. ती विका म्हणाली तर विकायची. वाद घालायचा नाही, गयावया करायची नाही. गाडी गेली तर गेली, पण ही आपल्याला लबाड म्हणाली तर ते सोसणार नाही. एकदा असं ठरवल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलं.

गॅरेजच्या दारात महिपती मान खाली घालून उभा होता. रजनीताई सरळ आत गेल्या. कोपऱ्यात कापडाखाली काहीतरी भलंमोठं झाकलेलं होतं. त्यांनी कापडाचं टोक धरलं आणि ओढलं.

तीच गाडी. तोच आकार, तेच वय. फक्त रंग पांढरा. बॉनेटवर झेंडूचा हार.

“माझ्या ग्रॅच्युइटीतून घेतली,” रजनीताईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. “तुम्ही कारखान्यात जाता तेव्हा मी घरात अडकून पडते. आता मीही शिकणार चालवायला.”

त्र्यंबकरावांनी महिपतीकडे पाहिलं.

“तुमचा शब्द मोडवंना, साहेब,” तो पुटपुटला.

“अहो, असे बघताय काय? सगळा विचार करूनच घेतलीय,” रजनीताईंनी त्यांचा हात हातात घेतला. “एकीलाच इतकं कमी लागतं, मग दोघींना असं कितीसं लागणार?”