कुटुंब क्रमांक एकशे बारा

घराला कुलूप नव्हतं, कारण तिथे घरच नव्हतं. संत्र्याची दहा-बारा कलमं तेवढी उभी होती. प्रेमिलाने फायलीवरचा पत्ता पुन्हा वाचला. नरखेड तालुक्यातलं गाव तेच, आळी तीच.

"कोणाले धुंडून राहिली वं बाई?" शेजारच्या ओट्यावरून एका म्हातारीने विचारलं. ती रंभाबाई.

"रुखमाबाई. आणि तिची मुलगी, सुभद्रा."

"रुखमा? ते तं बारा वर्षांमांगंच गेली. नवरा लय मारे. एक दिवस पोरीचं बोट धरलं अन् एस्टीत बसली. डावरी होती, डाव्या हातानं भाकर थापे. सासू त्याच्यावरून बी बोले. पन मोठी हुशार! तुमचे लोकं वजन कराले येत, तं काय लिहिलं ते हे पयले वाचून पाहे."

"मग गेली कुठे?"

"आता ते कोणाले माहीत?"

प्रेमिलाने फाईल पुन्हा चाळली. त्या बाराही वर्षांच्या नोंदी तिच्यात होत्या. अगदी मागच्या वर्षीचीसुद्धा. प्रत्येकीखाली सही एकच, ऑफिसातल्या यमुताईंची.

नागपूरच्या त्या ऑफिसात सतरा वर्षं तीनशे कुटुंबांचा अभ्यास चालला होता. दरवर्षी मुलाची उंची घ्यायची, आईचं आणि मुलाचं वजन करायचं, चुलीवर काय शिजतं नि कोण किती खातं ते टिपायचं. नवे डॉक्टर मधुसूदन यांनी यंदा फेरतपासणी काढली होती. यमुताईंची दहा घरं प्रेमिलाच्या वाट्याला आली. नऊ चोख निघाली. दहावं हे असं.

परतीच्या बसमध्ये तिला रडूच आलं. यमुताईंसारखी बाई तिने दुसरी पाहिली नव्हती. डोक्यावर वजनकाटा वाहणारी मदतनीस म्हणून लागल्या, मुलीला वाढवत वाढवत मॅट्रिक झाल्या, आणि आता अर्धं ऑफिस त्यांना विचारून चालत होतं. डाव्या तळहाताची कड कायम शाईने निळी. एकटीचा संसार, पण तोंडावर कधी कुरकुर नाही. त्यांची बेबी यंदा सायन्स कॉलेजला गेली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते.

प्रेमिलाच्या मुलाखतीच्या दिवशीसुद्धा त्याच मदतीला धावल्या होत्या. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव कुसुम, अर्जावर सासरचं प्रेमिला, आणि बाबू कागद परत करायला निघालेला. "बायकांची दोन नावं असायचीच हो," म्हणून त्यांनी हसत अर्ज पुढे सरकवला होता. मग नियम समजावला, अभ्यासातल्या घरच्या कोणालाही इथे नोकरी नाही. मोजणारा वेगळा, मोजला जाणारा वेगळा. आणि पहिला धडा दिला, "ऐकलेलं लिहायचं नाही, पोरी. डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच."

आणि त्याच बाईने बारा वर्षं हवेतून नोंदी काढल्या? प्रेमिलाने फाईल उघडली. "आई म्हणते, दोन्ही वेळा पोटभर जेवते. खोटं आहे. दूध मुलीला देते, स्वतः चहावर राहते." ही नोंद वाचून ती मागे भारावून गेली होती. इतकं बारीक खोटं कोणी कसं रचू शकतं, हेच तिला उमगेना.

खरं सांगावं तर यमुताईंची नोकरी जाणार. लपवावं तर उद्या आपली. अजून ती कायमही झाली नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. यमुताई तिथेच कोपऱ्यात काटा पुसत होत्या.

"नऊ घरांचं वाचलं. उत्तम काम आहे यमुताईंचं," डॉक्टर म्हणाले. "एकशे बारा नंबरचं काय झालं?"

प्रेमिलाने यमुताईंकडे पाहिलं नाही. "भेटल्या, सर. आई आणि मुलगी, दोघी. नोंदी बरोबर आहेत."

"छान. आईचं वजन किती भरलं?"

तिच्या वहीतलं ते पान कोरं होतं. "अं... शेहेचाळीस."

"पाहिलंस?" यमुताईंनी विचारलं. आवाज शांत होता.

"ताई, असू द्या ना..."

"काय विचारते मी? डोळ्यांनी पाहिलंस?"

प्रेमिलाची मान खाली गेली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "प्रेमिलाबाई, गेला होतात की नव्हतात? खोटी नोंद करणाऱ्याला मी एक दिवस ठेवत नाही."

"गेली होती ती," यमुताई म्हणाल्या. "तिथे घर नाही, हे तिला माहीत आहे. ती माझ्यासाठी खोटं बोलतेय, डॉक्टर. तिचा काही दोष नाही."

"म्हणजे नोंदी तुम्ही रचल्या?"

"एकही नाही."

यमुताईंनी काटा भिंतीपासून ओढून मधोमध आणला आणि शून्यावर आहे की नाही ते वाकून पाहिलं. मग प्रेमिलाची वही उघडून तिच्या हातात दिली. बारा वर्षांत त्या ऑफिसात गावची बोली कोणी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"लिही वं पोरी. कुटुंब एकशे बारा. पोरगी सुभद्रा, चार वाजता कालेजातून येते, तवा तिचं पाहून घे. आई, रुखमा." त्यांनी चपला काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. "आता काटा पाह्य, अन् मंगच लिही."