हिरवा चुडा

दंगलीनंतर पूल उघडला, त्याच सकाळी नदीपलीकडच्या मोहल्ल्यातली शरीफा चाची बांगड्यांची टोपली घेऊन आली. आमच्या तीन पिढ्यांतल्या लेकींना लग्नाचा चुडा तिच्याच घराण्यानं भरलेला.

हात नुसता दाबून तिनं माझं माप ओळखलं. हिरव्या बांगड्या चढवताना तिची बाही मागे सरली. मनगट ओकंबोकं होतं.

"चाची, तुमच्या बांगड्या?"

"नवरीनं असलं विचारू नये गं." तिनं बाही ओढली. "दंगलीत तुझे चाचा गेले."

आईनं तिला रीतीप्रमाणे तांदूळ आणि नारळ दिले. चाची जिना उतरू लागली, तशी आई वरवंटा घेऊन आली.

"हात पुढे कर. विधवेच्या हातचा चुडा नको."

"तिला खाली तरी जाऊ दे," मी म्हणाले. एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला.

काच फुटली. जिन्यातली पावलं थांबली.