प्लॉटवरचा ट्रॅक्टर

नट हलत नव्हता. मुरलीधरने पाना दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकला, तरी ढिम्म.

"अहो, लवकर करा ना," खालून विनया म्हणाली. "कुणीतरी येतंय."

"कोण?"

"म्हैस आहे. पण तिच्यामागे कुणी असलं तर?"

मे महिन्यातली भर दुपार होती. नोएडाचे सेक्टर जिथे संपतात, तिथल्या एका गावाच्या शेतात पाडलेले हे प्लॉट. लूचा गरम वारा असा सुटला होता की गावातलं कुत्रंही बाहेर नव्हतं. म्हणून तर प्रॉपर्टीवाल्या द्वारकाजींनी हीच वेळ ठरवून दिली होती. तरी मुरलीधर सारखा मागे वळून बघत होता. लपवायचं कशाला, माणूस चांगलाच टरकला होता.

बरं, प्लॉट त्याचा स्वतःचा. सरकारी छापखान्यात मशीनवर उभं राहून राहून पाय सुजवले आणि एक्क्याण्णव साली हे दीडशे गज घेतले. आता डिसेंबरात रिटायरमेंट. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडायचं, पुण्याचं घर भावाच्या ताब्यात. म्हातारपणी जाऊन पडायला जागा म्हणाल तर ही एवढीच. आणि तिच्यावर गेली दोन वर्षं हा गंजका ट्रॅक्टर! स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दांड्याला जाडजूड साखळी वेढून कडुनिंबाला जखडलेला.

ट्रॅक्टर होता चौधरीचा. ज्याने जमीन विकली, त्याच चौधरीचा. दोघं विचारायला गेले होते एकदा. तेव्हा तो बंदूक खांद्याला लावून खाटेवर बसला होता आणि कुणावर तरी ओरडत होता, "उस ट्रैक्टर को जिसने छुआ, उसका हाथ तोड़ दूँगा!" विनयाने नवऱ्याची बाही ओढली आणि दोघं आल्या पावली परत फिरले. पुन्हा कधी त्याच्या दारात गेले नाहीत. उगाच भानगड कशाला?

द्वारकाजी भेटले म्हणून बरं. प्रॉपर्टीचं काम करायचे. अंगात सफारी, कमरेला पेजर, बोलणं लोण्यासारखं. पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघायला आलेल्या कितीतरी मराठी मंडळींना आपण गाडीने फिरवलंय म्हणायचे. "भाऊसाहब, उसने कब्ज़ा कर लिया है आपका," त्यांनीच सांगितलं होतं. "चेन मत काटना, आवाज़ होगी, सारा गाँव दौड़ा आएगा. स्टीयरिंग ही निकाल दो, चेन अपने आप छूट जाएगी. बाकी मेरी क्रेन देख लेगी. लेकिन हाथ आप ही लगाना. मालिक खुद हटाए तो पुलिस कुछ नहीं कहती." प्लॉटचे मूळ कागदसुद्धा त्यांनी नीट तपासतो म्हणून ठेवून घेतले होते. परक्यासाठी एवढं कोण करतं हो?

गंजलेला नट नुसत्या जोराने येत नाही, हे मुरलीधरला मशीनने शिकवलं होतं. त्याने बाटलीतलं रॉकेल नटावर ओतलं, जरा मुरू दिलं आणि हातोडीने चारी बाजूंनी बारीक बारीक ठोकायला लागला. प्रत्येक ठोक्याला विनया दचकत होती.

"अगं, रस्त्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस?"

"रस्त्याकडे बघितलं की वाटतं, आलंच कुणीतरी."

"मग म्हशीकडे बघ."

तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "आपण चोर आहोत का हो? आपल्याच जागेत?"

त्याने पाना पुन्हा लावला. कर्रर्र करून नट फिरला. तो त्याने पूर्ण काढला नाही, दोन आटे तसेच ठेवले. चाक एकदम सुटलं तर थेट तोंडावर बसतं. मग गुडघे चाकाखाली घालून वर रेटा दिला आणि दांड्यावर हातोडी मारली. तिसऱ्या फटक्याला चाक निसटलं. उरलेला नट फिरवून त्याने चाक उचललं, दांड्यावरून साखळी सोडवली, तशी ती खळखळत खाली गेली.

वळणामागे थांबलेली क्रेन लगेच आली. ड्रायव्हर चकार शब्द बोलला नाही. पुढचा भाग उचलला आणि ट्रॅक्टर ओढत निघूनही गेला. प्लॉट मोकळा! विनया मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत राहिली.

"इकडे स्वयंपाकघर. पूर्वेला," ती म्हणाली.

"आधी निघू या इथून. चल."

तेवढ्यात शेतातून चौधरी धावत येताना दिसला. अनवाणी, हातात बंदूक.

"मेलो," मुरलीधर पुटपुटला. त्याच्या हातात चाक तसंच होतं. विनयाला काय झालं कोण जाणे, ती सरळ नवऱ्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. "भाईसाहब, ये हमारी जगह है," ती म्हणाली. आवाज लटपटत होता, पण म्हणाली.

चौधरीने बंदूक जमिनीला टेकवली. त्याला धाप लागली होती.

"आपकी ही है, बहनजी. इसीलिए तो ट्रैक्टर बाँधा था. खाली ज़मीन पे रातोंरात दीवार उठ जाती है यहाँ. मैंने बेची थी, ज़बान दी थी आपको. दो साल से लोगों को भगा रहा हूँ." त्याने कपाळावर हात मारला. "एक बार पूछ तो लेते!"

मुरलीधरने हातातलं चाक खाली ठेवलं. "पर द्वारकाजी तो कह रहे थे..."

विटांनी भरलेला ट्रक वळणावरून आत शिरला. मागे आठ-दहा गवंडी बसले होते. पुढून द्वारकाजी उतरले, काखेत कागदांची फाइल. त्यांना बघून विनयाला एवढं हायसं वाटलं की ती हाका मारतच पुढे धावली.

द्वारकाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते गवंड्यांकडे वळून म्हणाले, "ये मेरे प्लॉट पे कौन लोग खड़े हैं?"