सेफेरिनोची बंदरे

भाकरीसाठी कसाव्याच्या कंदाचा किस एकदा तव्यावर पडला की भट्टीपासून कोणी उठत नाही. म्हणून परिचारिका ऑर्फेलिया हिला आपले प्रश्न नऊ बायकांच्या देखत विचारावे लागले. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा धोका कोणाला अधिक, हे तिला नोंदवायचे होते आणि ज्यांना हवी त्यांना तपासणीची नळी द्यायची होती. तोमासाचा नंबर लागला.

"लग्न कितव्या वर्षी?"

"सोळाव्या."

"बाळंतपणं?"

"पाच."

"तंबाखू ओढतेस?"

"भट्टीचा धूर ओढते, तेवढा पुरतो."

"पुरुष किती?"

"एकच."

शेजारी बसलेली क्रेसेन्सिया हसली. "नवरा अकरा महिने जहाजावर, मग हिला कशाला ती नळी? की काही सांगायचं राहिलंय, तोमासाबाई?"

सगळ्या खिदळल्या. तोमासाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"नको मला. परत ने."

नमुना स्वतःच घ्यायचा, आडोशाला, पाच मिनिटांचे काम. आजार वेळीच कळला तर बरा होतो, असे ऑर्फेलियाने दोनदा सांगितले. तोमासा तव्यावर किस पसरत राहिली.

तेव्हा तिची सासू बासिलिया हिने उलथणे खाली ठेवले. सेफेरिनो तिचा एकुलता एक मुलगा. त्याच्याविरुद्ध तिच्या तोंडून गावाने आजवर अक्षर ऐकले नव्हते.

"ऑर्फेलिया, तुझ्या कागदावर एक प्रश्न कमी आहे. नवऱ्याच्या बायका किती?"

"तो रकाना नाही, मावशी."

"या आजाराचा विषाणू पुरुषाकडून येतो की नाही?"

"येतो."

"मग समासात लिही. वेराक्रूझ, कार्ताहेना, सान्तोस. एकाही बंदरात माझा मुलगा एकटा झोपला नाही. पिऊन आल्यावर त्यानंच सांगितलंय मला. क्रेसेन्सिया, हस आता."

कोणी हसले नाही. क्रेसेन्सियाचा नवराही त्याच जहाजावर होता.

बासिलियाने नळी सुनेच्या मुठीत कोंबली आणि तिला झावळ्यांच्या आडोशामागे पाठवले. तव्यावरची भाकरी करपू लागली होती. तिकडे तिने पाहिले नाही. आडोशाकडे पाठ करून ती वाटेत उभी राहिली आणि परिचारिकेपुढे तिने हात पसरला.

"आणखी एक दे. सेफेरिनोचा बापही जहाजावरच होता."