नटावरची रेघ

ज्योतिबाने रिव्हर्स टाकला. गिअर कर्रर्र करून ओरडला आणि गाडी जागेवर बंद पडली.

"गाडीला कायबी झालेलं न्हाई," उदयसिंह पडवीतनं म्हणाला. "आमच्या आबांचा डावा पाय गेलाय. क्लच पुरता दाबला जात न्हवता. त्यातनं गिअर खराब झालं असतील. तुमी घेऊन जावा, काय ते विट्याला बघा."

ज्योतिबा विट्याचा. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. आज तो सुभेदारांची लाल स्पोर्ट्स गाडी न्यायला आला होता. दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, टप मागे पडणारी.

लालासाहेब सुभेदार, म्हणजे आबा, खुर्चीत बसले होते. पायावर शाल. फौजेत जन्मभर पोरांना गाडी शिकवलेला माणूस. निवृत्त होताना कर्नलकडून ही गाडी घेऊन आला. तिच्यावर कुणाचा हात पडू द्यायचे नाहीत. नट आवळला की नटावरून थेट बोल्टच्या आट्यांवर लाल रंगाची एक रेघ मारायचे. रेघ तुटली की समजायचं, नट हलला. गाव हसायचं, "सुभेदार नटाला कुंकू लावतोय!" लहानग्या उदयला त्यांनी हात धरून ही रेघ मारायला शिकवलं होतं. त्याच्या आईच्या नेलपॉलिशनं.

बायको गेली आणि पुढं दर गुरुवारी आबा कवठे महांकाळला जायला लागले. हरणाबाईकडं. मेंढरांमागं आयुष्य काढलेली विधवा बाई. ती चहा करायची, हे फौजेतलं सांगायचे. कधी टप मागे टाकून तिला माळावरून फिरवून आणायचे. पदर उडायचा. ती तोंडाला हात लावून हसायची.

कुणीतरी बघितलं, गावभर झालं. भावकीचा बांध कोरताना कधी न गेलेली या बागायतदार घराची अब्रू एका बाईच्या चहानं जायला लागली. आबांच्या तोंडावर बोलायची छाती मात्र कुणाची नव्हती.

त्याच उन्हाळ्यात आबांना गिअर पडेना. चौकात एसटीपुढं गाडी बंद पडली. पोरं हसली. आबांची कंबर वाकत नव्हती, म्हणून त्यांनी उदयला बॉनेट उघडून बघायला लावलं.

"बघितलं, आबा. क्लच ओके हाय. तुमचा पाय जोर धरंना."

पोराचा शब्द. आबांनी गाडीवरचा संशय काढला आणि पायावर घेतला. सून साक्षी रोज पायाला तेल चोळायला लागली. गुरुवार सुटले.

आषाढात फोन आला. हरणाबाई गेली. आबा तसेच उठून गाडीत बसले. गाडी फाटकापर्यंतही गेली नाही. उदय नेमका त्या दिवशी आपली गाडी घेऊन कराडला गेलेला. दोन एसट्या बदलून पोचेपर्यंत माती उरकली असती. आबा स्टिअरिंगमागं बसून स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी इका."

ज्योतिबाने आता इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, रिव्हर्स. लोण्यात बोट जावं तसे पडले.

"गिअरबॉक्स झकास हाय की," तो म्हणाला. "चालू गाडीत क्लच सुटंना, म्हणून अडतंय. आन् आवं सुभेदार, मी तर पेडल पार तळाला टेकवलंय. माझाबी पाय गेला म्हणायचा का?"

आबांनी मान वर केली.

"आवं, जुनी गाडी हाय, चालायचंच." उदय लगबगीनं पायऱ्या उतरला. "चहा घ्या आधी. साक्षी, चहा आण गं!"

साक्षी ट्रे घेऊन आली. नखं जांभळी, चमकीची.

ज्योतिबा चहाला थांबला नाही. त्यानं बॉनेट वर केलं, आत वाकला आणि हसायलाच लागला.

"ह्यो बघा क्लचच्या केबलचा नट! पार ढिला सोडलाय. केबल नुसती लोंबतीय. हत्तीनं पाय दिला तरी क्लच सुटायचा न्हाई. आन् वर रंगाची रेघ! असलं कुठला मेकॅनिक करतोय? लय जिव्हाळ्यानं केलंय गड्या कुणीतरी."

आबा उठले. शाल खाली पडली. कुणाचा हात न धरता, डावा पाय बरोबर टाकत ते गाडीपाशी आले आणि कमरेवर हात दाबून आत वाकले.

त्यांची लाल रेघ तुटलेली होती. अर्धी आट्यांवर, अर्धी नटावर, दोन्हींची तोंडं दोन दिशांना. तिच्या शेजारी दुसरी रेघ होती. जांभळी, चमकीची. पट्टीनं ओढावी तशी सरळ.

साक्षीने बोटं ट्रेखाली घेतली.

"आबा," उदय म्हणाला, "तुमच्याच भल्यासाठी..."

आबांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. आवाज चढला नाही. परेडवर एखाद्या पोराचं काम तपासावं, तसं ते म्हणाले,

"रेघ झकास मारलीस, उदय. हरणाबाईच्या मातीपत्तुर नट तसूभर हालला न्हाई."