काट्याचा मुक्काम

"सोड हा सायकलचा नाद," पाण्याच्या परातीत ट्यूब बुडवत कमलाकरराव बायकोला, शालनला म्हणाले. आठवड्यातलं तिसरं पंक्चर ते हौसेने काढत होते. शालन सायकलवरून बहिणीकडे गेली नाही, की संध्याकाळचा चहा आयता हातात येत होता.

"टायर आतून चाचपला का?" शालनने विचारलं.

"चाचपला की!"

तिने जुन्या सुती साडीची चिंधी टायरच्या आतून फिरवली. एका जागी ती अडकली. बाभळीचा काटा, बाहेरून मोडलेला, आत टोक काढून बसलेला. ठिगळ लावलं, की शेजारी तोच नवं भोक पाडत होता.

"दिसला नाही गं."

"दिसला नाही, की दिसायला नको होता?"

कमलाकररावांनी काटा उपटला, ठिगळ लावून टायर चढवला, हवा टणक भरली. शालनने पदर खोचला, सायकल फाटकाबाहेर काढली आणि मागे पाहिलं.

"बसा कॅरिअरवर. ताई चहात आलं घालते."

कमलाकरराव पंपासकट बसले.